इटालियन माफियापट आणि त्यांच्या डिस्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन माफियापट म्हणजे नेमके कोणते? ‘गॉडफादर’ त्यात धरायचा का?

धरायचा नाही. ‘गॉडफादर’ (१९७२) हा अमेरिकन स्टुडिओचा, अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियनांवरचा सिनेमा. त्याची मूळ निगेटिव्ह स्टुडिओकडेच होती, रॉबर्ट हॅरिस यांच्या देखरेखीखाली २००८ मध्ये त्याचं रिस्टोरेशन (जुनी फिल्म दुरुस्त करून पुन्हा स्वच्छ करणं) झालं आणि पन्नाशीनिमित्त २०२२ मध्ये ४के (आडवे सुमारे चार हजार पिक्सेल) आवृत्ती आली. इटलीत बनलेल्या सिनेमांच्या नशिबी असा एकच सांभाळणारा मालक क्वचित आला. निर्मात्या कंपन्या बुडाल्या, हक्क हातोहात विकले गेले आणि निगेटिव्ह एकीकडे तर आवाजाची रिळं भलतीकडे, अशी गत झाली. या पानावरचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

इटलीतल्या सिनेमांत ढोबळमानाने दोन घराणी. पहिलं राजकीय: फ्रांचेस्को रोझी, दामियानो दामियानी, एलिओ पेत्री. इथे माफिया म्हणजे जमीन, कंत्राटं, पोलीस आणि मंत्री यांची साखळी, आणि बहुधा न्याय हरतो. दुसरं सत्तरच्या दशकातलं गल्लाभरू घराणं, ज्याला ‘पोलिझिओत्तेस्को’ हे मुळात हिणवण्यासाठी पाडलेलं नाव चिकटलं. फर्नांदो दि लेओ त्यातला सर्वांत धारदार दिग्दर्शक. आणखी एक भेद लक्षात ठेवा: माफिया सिसिलीची, कामोर्रा नेपल्सची, न्द्रांगेता कालाब्रियाची. डिस्कच्या वेष्टनावर मात्र तिन्हींना सर्रास ‘माफिया’ म्हटलेलं असतं.

सुरुवात कुठून करावी?

पिएत्रो जेर्मींचा ‘इन नोमे देल्ला लेज्जे’ (कायद्याच्या नावाने, १९४९) हा या परंपरेचा आरंभ मानतात, पण पहिला सिनेमा म्हणून तो घेऊ नका. त्यात माफियाच्या म्होरक्याला जो मान दिलाय, तो पुढचे सिनेमे पाहिल्यावर खटकतो, आणि ते खटकणं हाच तो पाहण्याचा फायदा. आमच्या मते क्रम असा: आधी दामियानींचा ‘इल जोर्नो देल्ला चिव्हेत्ता’ (घुबडाचा दिवस, १९६८), मग दि लेओंचा ‘मिलानो कालिब्रो ९’ (१९७२), मग रोझींचा ‘साल्वातोरे जुलियानो’ (१९६२). त्यानंतर लात्तुआदांचा ‘माफियोझो’ (१९६२). त्यात विनोदी नट आल्बेर्तो सोर्दी पहिला तासभर हसवतो आणि नंतर घशात आवंढा अडकवतो.

‘साल्वातोरे जुलियानो’ हा त्याच नावाच्या सिसिलीतल्या डाकूवरचा सिनेमा. तो आधी पाहणारे हमखास गोंधळतात. काळ पुढेमागे उड्या मारतो आणि ज्याच्या नावाचा सिनेमा, त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. बसण्याआधी तीन तारखा डोक्यात ठेवा. १ मे १९४७: पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा इथे कामगारदिनाच्या मेळाव्यावर गोळीबार, ११ ठार. ५ जुलै १९५०: कास्तेलव्हेत्रानोच्या एका अंगणात जुलियानोचा मृतदेह. ९ फेब्रुवारी १९५४: त्याचा उजवा हात पिशोत्ता पालेर्मोच्या तुरुंगात स्ट्रिक्नीनने मरतो. एवढं माहीत असलं की सिनेमा आपसूक उलगडतो.

एकच सिनेमा चार नावांनी दिसतो. कुठला घ्यायचा?

इंग्रजी नावावर जाऊ नका. मूळ इटालियन नाव, वर्ष आणि दिग्दर्शक या तीन गोष्टी जुळवा. दि लेओंचा ‘ला माला ओर्दिना’ (१९७२) ‘मॅनहंट’ म्हणूनही विकला गेला आणि ‘द इटालियन कनेक्शन’ म्हणूनही. त्यांचाच ‘इल बॉस’ (१९७३) कुठे ‘वाइपआउट’, कुठे ‘मर्डर इन्फर्नो’. एकाच महिन्यात दोन नावांनी तोच सिनेमा मागवणारे कमी नाहीत.

‘४के रिस्टोरेशन’ असं छापलंय म्हणजे डिस्क चांगलीच असणार ना?

तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. प्रश्न विचारायचा तो असा: ४के स्कॅन *कशाचं*? उतरंड अशी: कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली इंटरपॉझिटिव्ह, तिच्यावरून ड्युप निगेटिव्ह, आणि शेवटी थिएटरात फिरलेली प्रिंट. प्रत्येक पायरीला बारकावा घटतो, कॉन्ट्रास्ट वाढतो. मूळ निगेटिव्हचं जुनं २के स्कॅन हे फिरलेल्या प्रिंटच्या नव्या ४के स्कॅनपेक्षा बहुतेक वेळा सरस दिसतं. प्रिंटमध्ये जे नाहीच, ते ४के आणणार कुठून?

वेष्टनाच्या मागे ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर उत्तम. नुसतं ‘मूळ घटकांवरून’ असेल तर सावध राहा. त्या शब्दांत काहीही बसतं.

वेष्टनावर काहीच लिहिलेलं नाही. नुसतं पडद्यावर पाहून मूळ स्रोत ओळखता येतो?

बऱ्याच अंशी. दहा मिनिटं द्या आणि या खुणा शोधा.

ठिपक्यांचा रंग बघा. निगेटिव्हवर बसलेली धूळ पडद्यावर पांढरी दिसते, कारण छपाईत तिथे प्रकाश अडतो. प्रिंटवर बसलेली धूळ काळी दिसते. पांढरेच ठिपके तुरळक असतील तर स्रोत वरच्या पायरीचा. काळ्या ठिपक्यांचा पाऊस असेल तर प्रिंट.

उभी हिरवी रेघ दिसली तर ती प्रिंटच. रंगीत प्रिंटच्या लेपात किरमिजी थर सर्वांत वर असतो. ओरखड्याने तो निघाला की खालून हिरवं दिसतं.

साधारण दर पंधरा-वीस मिनिटांनी वर उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका येतो का? प्रोजेक्शनवाल्याला रिळ बदलायची सूचना देणाऱ्या त्या खुणा: एक शेवटाच्या सुमारे आठ सेकंद आधी, दुसरी अगदी शेवटच्या सेकंदाला. तसा ठिपका बहुधा थिएटरची प्रिंट सुचवतो.

श्रेयनामावली आणि डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटणं) आले की चित्र एकदम भरड होतं, मग पुन्हा स्वच्छ होतं? हा दोष नव्हे, उलट चांगली खूण आहे. ते तुकडे त्या काळी ऑप्टिकल प्रिंटरवर पुन्हा छापूनच बनत, म्हणून ते एक-दोन पिढ्या खालचे. फरक डोळ्यांना जाणवतो याचा अर्थ बाकीचा भाग मूळ निगेटिव्हचा असण्याची शक्यता दाट.

चेहरे मेणाचे का दिसतात?

कारण ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, पुसलेलं आहे. फिल्मचं चित्र ग्रेननेच बनलेलं असतं. सॉफ्टवेअरला ग्रेन आणि त्वचेची छिद्रं यांतला फरक नीट कळत नाही, मग दोन्ही जातात. डिस्क थांबवून बघा: कोटाचं कापड गुळगुळीत, केसांचा पुंजका झालेला, आणि चालू केल्यावर चेहरा हलला की गालावरचा पोत मागे रेंगाळतो. मग चित्र फारच निर्जीव वाटतं म्हणून काही जण वरून कृत्रिम ग्रेन टाकतात. पंधरावीस वर्षांपूर्वीच्या काही इटालियन मास्टरमध्ये (डिस्क ज्यावरून बनते ती मूळ डिजिटल प्रत) याच्या उलट गंमत आहे: ग्रेन वाटतं ते ग्रेन नसून स्कॅनरचा इलेक्ट्रॉनिक नॉइज असतो. खरं ग्रेन प्रत्येक फ्रेमला जागा बदलतं. नॉइज एका ठरावीक जाळीसारखा पडद्यावर चिकटून राहतो आणि चित्र त्याच्यामागून सरकतं.

तिसरी भानगड कॉम्प्रेशनची, म्हणजे चित्र डिस्कवर मावावं म्हणून दाबण्याची (एन्कोड). ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट मिळतात. ग्रेनने भरलेल्या सिनेमाला सरासरी ३०–३५ लागतातच, म्हणजे ५० जीबीची दुहेरी थराची डिस्क हवी. २५ जीबीच्या डिस्कवर सिनेमा, वर तासाभराच्या मुलाखती आणि दोन भाषांचे ट्रॅक कोंबले की मार चित्राला बसतो. ‘मिलानो कालिब्रो ९’मधला नटी बार्बरा बुशेचा क्लबमधला नाच यासाठी नामी कसोटी आहे. तिच्या अंगावर सगळी मण्यांची झालर. चांगल्या एन्कोडमध्ये मणी सुटे चमकतात, वाईटात हिसक्यासरशी त्यांचा लगदा होतो.

टेक्निस्कोप म्हणजे काय? त्यात एवढं ग्रेन का असतं?

टेक्निकलरच्या इटालियन शाखेने साठच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ही काटकसरीची युक्ती. नेहमी एका फ्रेमला कडेच्या चार छिद्रांएवढी फिल्म लागते, इथे दोनच. ३०५ मीटरचं (१००० फुटी) रिळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं चालतं आणि रुंद पडद्यासाठी चित्र आडवं दाबून घेणारी महागडी अॅनामॉर्फिक भिंगं लागत नाहीत. किंमत अशी मोजावी लागते की चित्राचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं, म्हणून पडद्यावर ग्रेन ठळक.

त्या काळी हे चित्र प्रिंटसाठी ऑप्टिकली ताणून चार छिद्रांचं करावं लागे, त्यात आणखी एक पिढी खर्ची पडे. आज दोन छिद्रांची निगेटिव्ह थेट स्कॅन केली की ती पायरी वगळली जाते आणि १९६८ च्या थिएटरपेक्षा स्वच्छ चित्र मिळतं. अडचण जोडांची. दोन फ्रेममधली जागा केसाएवढी असल्याने प्रत्येक कटला वरखाली चिकटवलेल्या जोडाची रेघ किंवा किंचित धक्का दिसतो. तो दुरुस्त करणं हाताचं काम आहे. घाईत केलेल्या रिस्टोरेशनमध्ये तो सरळ कापून टाकतात, म्हणजे वरून-खालून चित्र जातं.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

आधी तपासणी. फिल्म हातमोजे घालून टेबलावर इंचाइंचाने फिरवायची, आकुंचन मोजायचं, फाटलेली छिद्रं आणि सुटलेले जोड दुरुस्त करायचे. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटेटचा पाया कुजायला लागलाय. अशी रिळं लगेच वेगळी करतात, कारण ते आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं. मग अल्ट्रासॉनिक धुलाई, आणि स्कॅन. ओरखडे फार असतील तर वेट-गेट, म्हणजे फिल्मच्या पायासारखाच प्रकाश वळवणाऱ्या द्रवात बुडवून स्कॅन. द्रव ओरखड्यात भरतो आणि पायावरचे ओरखडे नाहीसे होतात. लेपात खोल गेलेले मात्र राहतात.

आकार किती होतो बघा. ४०९६ × ३११२ पिक्सेलची १० बिटची एक फ्रेम सुमारे ५१ एमबी. १०० मिनिटांच्या सिनेमात १,४४,००० फ्रेम. गुणाकार ७.३ टीबीच्या पुढे जातो, आणि ही फक्त कच्ची प्रत. मग चित्र स्थिर करणं, लुकलुक काढणं, धूळ पुसणं. स्वयंचलित सफाईवर डोळे झाकून विसंबलं की ती पिस्तुलाच्या ठिणग्या, काचेचे उडते कपचे, पाऊस यांनाही धूळ समजून गिळते. माफियापटात त्यांचीच तर रेलचेल! म्हणून गोळीबाराची दृश्यं माणसाने फ्रेम-दर-फ्रेम तपासावी लागतात.

रंग पिवळट का दिसतात? मूळ रंग तसेच होते का?

पिवळट झाक, निस्तेज पांढरा, हिरवट सावल्या: गेल्या दशक-दीड दशकातल्या बऱ्याच युरोपीय रिस्टोरेशनवर हा आक्षेप आहे आणि आमच्या मते तो रास्त आहे. ज्या छायालेखकाने रंग ठरवले तो हयात नसतो. हाती आलेली जुनी ईस्टमनकलर प्रिंट विटून गुलाबी झालेली असते, कारण तिच्यातला निळसर रंग आधी उडतो आणि किरमिजी मागे राहतो. तिच्याकडे बघून रंग ठरवता येत नाहीत. टेक्निकलरची रंगठशांनी छापलेली प्रिंट सापडली तर सोनं, ती सहसा विटत नाही. नसेल तर ग्रेडिंग करणाऱ्याच्या, म्हणजे रंग जुळवणाऱ्याच्या, आवडीवर भिस्त.

घरी कसोटी सोपी आहे. पांढऱ्या गोष्टी शोधा: शर्टाची कॉलर, डॉक्टरचा कोट, कागद. सिनेमाभर एकही पांढरी वस्तू पांढरी नसेल तर ती दिग्दर्शकाची दृष्टी नव्हे. एचडीआरबद्दल (उजळ भाग अधिक प्रखर दाखवणारी पद्धत) तर फारच जपून. या सिनेमांतल्या दिव्यांनी डोळे दिपावेत असं कुणालाच अभिप्रेत नव्हतं.

कृष्णधवलात कसोटी वेगळी. ‘साल्वातोरे जुलियानो’त जानी दि व्हेनांझो यांनी सिसिलीचं ऊन भिंतींवर अक्षरशः पेटवलंय. त्या पांढऱ्या भिंतीत गिलाव्याचा पोत दिसला पाहिजे आणि बायकांच्या काळ्या कपड्यांत चुण्या दिसल्या पाहिजेत. दोन्ही एकाच शॉटमध्ये मिळाल्या तर डिस्क डोळे मिटून घ्या.

इटालियन ट्रॅक ऐकावा की इंग्रजी? ‘मूळ’ कोणता?

काटेकोर अर्थाने दोन्ही डबच. त्या काळी इटलीत बहुतेक सिनेमे सेटवरचा आवाज न वापरता चित्रित होत आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. नट ज्याच्या त्याच्या भाषेत बोलत. फ्रँक वुल्फ अमेरिकन. तो ‘साल्वातोरे जुलियानो’त पिशोत्ता आहे आणि ‘मिलानो कालिब्रो ९’मध्ये मिलानचा पोलीस अधिकारी. म्हणून ओठ कुठल्याच ट्रॅकशी पूर्ण जुळत नाहीत, आणि ती डिस्कची चूक नव्हे. (आवाज सबंध सिनेमाभर सारखाच पुढे किंवा मागे असेल तर मात्र ती चूकच.)

आमचा कौल: सिसिलीतल्या सिनेमांना इटालियनच, कारण बोलीभाषेचा सगळा खेळ इंग्रजीत सपाट होतो. दि लेओंच्या सिनेमांतले परदेशी नट, जसे ‘ला माला ओर्दिना’तले हेन्री सिल्व्हा आणि वुडी स्ट्रोड, इंग्रजीत ऐकायला हरकत नाही.

५.१ चा (सहा वाहिन्यांच्या सराउंड आवाजाचा) पर्याय दिसला तर सोडा. हे सिनेमे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचे आहेत. मागच्या स्पीकरमधून आलेली मोटार कुणीतरी नंतर घातलेली असते. साउंडबारवरचं आभासी सराउंड बंद करा, नाहीतर मोनो संवाद घुमल्यासारखे येतात.

माझ्या जुन्या युरोपीय डीव्हीडीवर सिनेमा चार मिनिटांनी छोटा आहे. दृश्यं कापली आहेत का?

बहुधा नाहीत. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा पाल या युरोपीय टीव्ही पद्धतीत २५ ने पळवतात, म्हणून १०० मिनिटांचे ९६ होतात. आवाजही चढतो: पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या साधारण ७० टक्के.

तुमच्याच डीव्हीडीचा ट्रॅक नव्या डिस्कच्या चित्राला जोडून ऐकायचा असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय घ्या (नुसता टेम्पो नको) आणि गुणक ०.९६ टाका. इथेच बहुतेक जण फसतात. ०.९६ हा नेमक्या २४ फ्रेमच्या डिस्कसाठी. बहुसंख्य ब्लू-रे २३.९७६ च्या असतात, त्यांना ०.९५९०४. चुकीचा गुणक घेतला तर सुरुवात जुळते आणि १०० मिनिटांच्या शेवटी आवाज सहा सेकंदांनी घसरलेला असतो.

मग खरोखर कापलेल्या आवृत्त्या कशा ओळखायच्या?

इटलीत १९६२ च्या कायद्याने १४ आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई अशा दोन पायऱ्या ठेवल्या. पुढे १९९० च्या कायद्याने १८ वाले सिनेमे टीव्हीवर पूर्ण बंद केले आणि १४ वाल्यांना रात्री साडेदहानंतरची वेळ दिली. टीव्हीचा पैसा हवा म्हणून हक्कधारकांनी सिनेमे कापून पुन्हा सेन्सॉरकडे नेले, खालचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि त्या कापलेल्या व्हिडिओ मास्टरवरूनच पुढे कित्येक डीव्हीडी निघाल्या. म्हणून आधी पालचा हिशेब वजा करा. तरीही मिनिटं कमी भरली तर कात्री लागली आहे. संवाद चालू असताना संगीत मध्येच तुटणं ही दुसरी खूण.

कापलेला भाग परत मिळाला तरी तो फक्त प्रिंटवर किंवा टेपवर असू शकतो. मग मधेच दहा सेकंद चित्र मळकट होतं, किंवा इंग्रजी संवादात अचानक इटालियन वाक्य येतं, कारण त्या तुकड्याचं इंग्रजी डबिंग झालेलंच नव्हतं. हे प्रामाणिक काम आहे, तक्रार करू नका.

भारतातल्या प्लेअरवर या डिस्क चालतील?

बऱ्याच डिस्क ठरावीक विभागातल्या (रीजन) प्लेअरवरच चालतात. ब्लू-रेत भारत रीजन सी, ब्रिटन-इटली बी, अमेरिका ए. डीव्हीडीत भारत ५, युरोप २. म्हणून वेष्टनावर ‘रीजन फ्री’ किंवा ए-बी-सी तिन्ही आहेत का ते बघा, नाहीतर सर्व रीजन चालवणारा प्लेअर घ्या. ४के यूएचडी डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, मात्र सोबतच्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. युरोपीय डिस्कवरच्या मुलाखती पुष्कळदा ५० हर्ट्झच्या असतात. भारतातले टीव्ही त्या निमूट दाखवतात. अमेरिकेत राहणाऱ्यांचे प्लेअर तिथे अडतात, सिनेमा चालतो आणि पुरवण्या काळ्या.

दामियानींसाठी रेडियन्स कंपनीचा २०२३ चा संच सोयीचा आहे: नट फ्रांको नेरोचे तीन माफियापट, त्यात ‘घुबडाचा दिवस’ही आला. इटलीत निघालेली डिस्क घेण्यापूर्वी इंग्रजी सबटायटल आहेत याची खात्री करा, पुष्कळदा नसतात.

सबटायटल बरोबर आहेत हे कसं कळणार?

इटालियन ट्रॅक लावा आणि लांबी बघा. नट दोन शब्द बोलतो आणि खाली दोन ओळी येतात, असं वारंवार झालं तर ती इंग्रजी डबची उतरवलेली संहिता आहे, भाषांतर नव्हे.

भाषांतर असलं तरी इंग्रजीत एक गोष्ट मरतेच: संबोधन. इटालियनमध्ये ‘तू’, ‘व्होई’ आणि ‘लेई’ असे तीन पदर, शिवाय सिसिलीत वडीलधाऱ्यांसाठी ‘व्होस्सिया’. इंग्रजी सगळ्यांना एकाच मापात मोजतं. मराठी वाचकाला हे पदर उपजत कळतात: तू, तुम्ही, आपण. ‘बाचामो ले मानी’ या नमस्काराचं ‘हातांचं चुंबन घेतो’ केलं तर हसू येतं. ‘पाया पडतो’ म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातली उंची नेमकी कळते. ‘घुबडाचा दिवस’मध्ये ली जे. कॉबने केलेला माफियाचा म्होरक्या डॉन मारियानो माणसांच्या पाच प्रती सांगतो. त्यातली शेवटची ‘क्वाक्वाराक्वा’: बदकासारखी नुसती क्वॅक क्वॅक करणारी माणसं. ‘बोलघेवडे’ हा आमच्या मते जवळचा शब्द, पण त्यातली तुच्छता थोडी कमी पडते.

स्वतःसाठी मराठी सबटायटल बनवली, पण टीव्हीवर अक्षरं तुटतात.

फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. तरीही ‘क्त’, ‘र्म’ सुटे दिसत असतील आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसत असेल, तर टीव्हीच्या प्लेअरला देवनागरी जुळवता येत नाही. फाइल ठीक आहे. संगणकावर एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये तीच फाइल उघडून खात्री करा आणि संगणकच एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवरूनच चालवायचं असेल तर सबटायटल चित्ररूपात बदलून घ्यावी लागतात. एका ओळीत ३५–४० अक्षरांपेक्षा जास्त नको. मात्रांमुळे देवनागरी ओळ उंचीलाही जास्त जागा खाते. आणि पालच्या डीव्हीडीवर बनवलेली फाइल ब्लू-रेला लावताना तिच्यातल्या प्रत्येक ओळीची वेळ १.०४२७ ने गुणा.

टीव्हीवर काय बदलायचं?

मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करणं) बंद, शार्पनेस किमान, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद, प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) चालू. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर एका बटणात यातलं बरंच होतं. नॉइज रिडक्शन बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रयोगशाळेने जपलेलं ग्रेन तुमचा टीव्हीच पुसून टाकेल.

या कामाचा आपल्याकडे काही संबंध?

आहे. इटलीतल्या बोलोन्याची ‘लिमाजिने रित्रोव्हाता’ ही या क्षेत्रातली नावाजलेली प्रयोगशाळा. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या भारतीय संस्थेच्या जतन कार्यशाळा २०१५ मध्ये मुंबईत आणि २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात झाल्या, तिथे परदेशी तज्ज्ञांनी रिळं हाताळणं, दुरुस्ती, स्कॅन शिकवलं. २०२५ मध्ये रिस्टोअर केलेला ‘शोले’ बोलोन्याच्या महोत्सवात पियाझ्झा माज्जोरेच्या उघड्या चौकात दाखवला गेला. त्याची कॅमेरा निगेटिव्ह व्हिनेगरने कामातून गेलेली होती, म्हणून इंटरपॉझिटिव्हचा आधार घ्यावा लागला, आणि सेन्सॉरमुळे बदललेला शेवट मूळ रूपात परत आला.

पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते. उपाय?

उभ्या ठेवा, भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा. पुसताना मायक्रोफायबरचं किंचित ओलं कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवा; गोल फिरवलं तर पडणारा चरा डेटाच्या मार्गावरच पडतो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही. कागदी पुठ्ठ्याचे संच आधी सादळतात, त्यातल्या डिस्क प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवा.